किती, कोणत्या वाटेनं, कोणाच्या अंगात

पहिला पाऊस पडून गेला की कोंडाण्याच्या रानात शेवळं उगवतात. राजमाचीच्या पायथ्याचं हे गाव. वर डोंगरात कोरलेली लेणी, खाली उल्हास नदीचं नुकतंच वाहू लागलेलं पाणी. आसपासच्या ठाकूरवाड्यांतल्या बाया शेवळांच्या जुड्या बांधून कर्जतच्या बाजारात आणतात आणि सोबत काकडंही ठेवतात. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. न निवडता, आंबट न घालता शिजवलं तर घसा आणि जीभ खाजून खाजून जीव नकोसा होतो. म्हणून आतल्या दांड्याचा पिवळसर भाग काढून टाकायचा, बारीक चिरायचं, काकडाच्या आंबट फळांबरोबर भरपूर शिजवायचं. एवढं केलं की तीच भाजी पोराबाळांच्या ताटात निर्धास्त वाढता येते.

सह्याद्रीच्या याच रानात गेळही आहे. उन्हाळ्यात ओढे आटून डोहांत थोडं पाणी उरलं की गेळाची फळं ठेचून त्यात कालवायची आणि गुंगून वर आलेले मासे धरायचे, ही पद्धत इथल्या आदिवासींना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. फळातलं सॅपोनिन माशाला कल्ल्यांवाटे बाधतं. तोच मासा माणूस शिजवून खातो तेव्हा त्याला काही होत नाही, कारण आपल्या आतड्यातून सॅपोनिन फारसं शोषलं जात नाही. आणि हेच फळ आयुर्वेदातलं मदनफळ. वमनाच्या औषधांत त्याचा मान पहिला; चरकसंहितेतल्या कल्पस्थानाचा पहिला अध्याय त्याच्यावरच आहे.

माशाला घातक, मासा खाणाऱ्याला निरुपद्रवी आणि वैद्याच्या हाती औषध असं हे एकच फळ. मग ते विषारी आहे की नाही? प्रश्न एवढाच ठेवला तर त्याला उत्तर नाही. किती, कोणत्या वाटेनं, कोणाच्या अंगात, किती काळ आणि कशाच्या सोबत, हे त्यात घातलं की उत्तर मिळू लागतं. या लेखात मला एवढी एकच गोष्ट उलगडायची आहे. रसायनाची चाचणी म्हणजे त्या रसायनाला विचारलेला प्रश्न असतो. प्रश्न अर्धा असेल तर उत्तर कितीही नेमक्या आकड्यात आलं तरी ते अर्धंच राहतं, आणि उरलेलं अर्धं कोणाच्या तरी शरीराला भोगून शोधावं लागतं.

पहिला प्रश्न, किती? तो जुना आहे. तीक्ष्ण विषही योग्य रीतीनं वापरलं तर उत्तम औषध ठरतं आणि औषधही चुकीनं वापरलं तर विष होतं, असं चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सांगितलं आहे. युरोपात सोळाव्या शतकात पॅरासेल्ससनं मात्रेचा हाच मुद्दा मांडला. पण मात्रा आकड्यात बांधण्याचं आजचं माप 1927 सालचं. डिजिटॅलिससारख्या औषधांची ताकद दर बॅचला बदलत असे. ती ताडून पाहण्यासाठी ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. डब्ल्यू. ट्रेव्हन यांनी एक माप सुचवलं: ज्या मात्रेनं प्रयोगातले निम्मे प्राणी मरतात ती मात्रा. यालाच एलडी-50 म्हणतात. औषधाच्या बॅचा ताडण्यासाठी ते माप चोख होतं. पुढे मात्र रंग, साबण, कीटकनाशकं, सौंदर्यप्रसाधनं अशा सगळ्यांनाच ते लावलं गेलं, आणि एका विशिष्ट कामासाठी काढलेला आकडा विषारीपणाचाच आकडा होऊन बसला.

तो आकडा आज आपल्या घराजवळ कुठे भेटतो ते पाहायचं असेल तर कुठल्याही कृषी सेवा केंद्रात जाऊन कीटकनाशकाची बाटली हातात घ्यावी. लेबलावर कोनावर उभा केलेला एक चौकोन असतो, मधोमध दुभागलेला. खालचा त्रिकोण रंगीत. 1971 च्या कीटकनाशक नियमांनुसार हा रंग ठरतो. प्रयोगातल्या प्राण्याला तोंडावाटे दिल्यावर एलडी-50 शरीराच्या दर किलोमागे 50 मिलिग्रॅमपर्यंत असेल तर लाल, 51 ते 500 असेल तर पिवळा, 501 ते 5000 असेल तर निळा आणि त्याहून जास्त असेल तर हिरवा. कातडीवर लावून मिळणारा आकडाही त्यात धरतात. लाल रंगाच्या बाटलीवर वरच्या त्रिकोणात कवटी आणि हाडांची फुली असते, सोबत लाल अक्षरांत विष असल्याचा इशारा. वाचता न येणाऱ्यालाही धोका कळावा, हा यामागचा हेतू चांगला आहे, आणि कोणी चुकून बाटली तोंडाला लावली तर त्या रंगाचा उपयोगही आहे.

पण दुसरा प्रश्न, कोणत्या वाटेनं? भातखाचरात फवारणी करणारा माणूस बाटली तोंडाला लावत नाही. तो सकाळी पाठीवर पंप चढवतो. पंपाच्या झाकणातून द्रावण पाझरून सदऱ्याची पाठ भिजते, नोझल तुंबलं की तो हातानंच साफ करतो, वाऱ्यावर आलेला फवारा श्वासातून आत जातो, पाय चिखलात उघडेच असतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्याच्या शरीरानं विचारलेला प्रश्न आणि चौकोनाच्या रंगानं दिलेलं उत्तर यांची गाठच पडत नाही.

ही गाठ न पडण्याची किंमत महाराष्ट्रानं 2017 मध्ये मोजली. त्या वर्षी जुलै ते ऑक्टोबरच्या दरम्यान यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना दवाखान्यात दाखल करावं लागलं. त्यांनी विष प्यायलं नव्हतं. ते कामावर गेले होते. कपाशी त्या वर्षी माणसाच्या उंचीला आली होती, त्यामुळे फवारा तोंडावर येत होता. जोरानं फवारणारे पंप होते, हवा दमट होती, आणि एका टाकीत दोन-तीन औषधं एकत्र केली जात होती. सरकारनं विशेष तपास पथक नेमलं, पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी आली. पुढे 2023 मध्ये केंद्र सरकारनं मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाच्या 36 टक्के द्रावणावर बंदीचा आदेश काढला. ही पावलं योग्यच होती. तरी ती माणसं गेल्यावर पडली, आणि विषारीपणाच्या चाचण्या असतात त्या हे आधी कळावं म्हणून.

यवतमाळला नेमकं काय झालं हे समजून घेतलं की चाचणीत काय कमी होतं तेही दिसतं. तिथे फवारल्या गेलेल्यांपैकी मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं. मज्जातंतूंच्या टोकांशी अ‍ॅसिटिलकोलिन नावाचं रसायन निरोप पोचवतं आणि अ‍ॅसिटिलकोलिनेस्टेरेज हे विकर ते लगेच मोडून निरोप थांबवतं. ऑर्गॅनोफॉस्फेट या विकरालाच जखडतं. मग निरोप थांबतच नाहीत: घाम सुटतो, लाळ गळते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, छाती भरून येते. महत्त्वाची गोष्ट अशी की जखडलेलं विकर भरून यायला काही आठवडे लागतात. सोमवारी थोडं गेलं, मंगळवारी थोडं गेलं, आणि शुक्रवारी तेवढ्याच थोड्यानं माणूस कोसळला. शुक्रवारची मात्रा सोमवारच्याइतकीच असते, पण शुक्रवारचं शरीर सोमवारचं राहिलेलं नसतं. एकाच वेळी एकच मात्रा देऊन काढलेला आकडा हे सांगू शकत नाही.

इथे तिसरा प्रश्न येतो: कोणाच्या अंगात? प्राण्यांवरच्या चाचण्यांवरून माणसासाठी सुरक्षित मात्रा काढताना शंभरानं भागायची रीत आहे. 1954 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातले लेहमन आणि फिट्झह्यू यांनी ती सुचवली. पुढे तिचा अर्थ असा लावला गेला की प्राण्याहून माणूस दहापट नाजूक असू शकेल म्हणून एक दहा, आणि माणसामाणसांतही दहापट फरक असू शकेल म्हणून दुसरे दहा. हा शंभराचा आकडा सावधगिरीतून आलेला अंदाज आहे, आणि बहुतेक वेळा तो उपयोगी पडला. पण तो नेहमी पुरत नाही. मार्च 2006 मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारात टीजीएन-1412 या नव्या प्रतिपिंड-औषधाची पहिली मानवी चाचणी झाली. माकडांना चाललेल्या मात्रेच्या पाचशेव्या भागाएवढीच मात्रा सहा निरोगी तरुणांना दिली होती. काही तासांत सहाही जण अत्यवस्थ झाले आणि त्यांना अतिदक्षता विभागात हलवावं लागलं. सहाही जण वाचले, पण काहींचं कायमचं नुकसान झालं. नंतर कळलं की हे औषध ज्या रोगप्रतिकारक पेशींवर काम करतं, त्या माकडात आणि माणसात वेगळ्या वागतात. तिथे शंभरानं काय किंवा हजारानं काय, भागून उपयोग नव्हता. प्रश्न माकडाला विचारला होता आणि उत्तर माणसाला हवं होतं.

माणसामाणसांतला फरक तर आपल्याकडे अधिकच मोठा. कॅनडातल्या एल्डन बॉइड यांनी 1960 च्या दशकात उंदरांना कमी प्रथिनांचा आहार देऊन त्यांच्यावर कीटकनाशकं तपासली. असे उंदीर पुरेशी प्रथिनं मिळालेल्या उंदरांहून कितीतरी कमी मात्रेत मेले. कॅप्टानसारख्या एखाद्या औषधाच्या बाबतीत तर फरक फारच मोठा निघाला. प्रयोगशाळेतला उंदीर ठरलेला आहार खातो, ठरलेल्या तापमानात राहतो, त्याला जंत नसतात, मलेरिया होत नाही. कर्जत-खालापूरच्या कातकरवाड्यांतला मजूर पावसाळ्यापूर्वी वीटभट्टीवरून परततो तेव्हा त्याचं अंग कशानं झिजलेलं असतं, हे आपल्याला माहीत आहे. गरोदर बाई, आईच्या पाठीला बांधलेलं मूल, यकृताला सूज असलेला माणूस यांची शरीरंही सरासरीत बसत नाहीत. लहान मुलांत ऑर्गॅनोफॉस्फेट मोडणारं पॅराऑक्सोनेज हे विकर प्रौढांपेक्षा कितीतरी कमी असतं. मुलांचा असा नाजूकपणा ध्यानात घेऊन 1996 मध्ये अमेरिकेच्या अन्न-गुणवत्ता संरक्षण कायद्यानं त्यांच्यासाठी आणखी एका दहापटीची सावधगिरी राखली. जो सर्वांत कमजोर आहे त्याला धरून सुरक्षित मात्रा काढायची, ही त्या कायद्यामागची नीती आपणही उचलावी अशी आहे.

चौथा प्रश्न काळाचा, आणि त्याचा धडा खालापूर तालुक्यानं जवळून पाहिला आहे. रसायनीला हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स या सरकारी कंपनीच्या कारखान्यात डीडीटी तयार होत असे. डीडीटी ताबडतोब मारणारं विष नाही. 1943-44 च्या हिवाळ्यात इटलीतल्या नेपल्स शहरात टायफसच्या उवा मारण्यासाठी लाखो माणसांच्या कपड्यांत डीडीटीची पूड मारली गेली, आणि साथ आटोक्यात आली. या रसायनाचा कीटकनाशक गुण शोधणारे पॉल म्युलर यांना 1948 चं नोबेल मिळालं. एलडी-50 च्या भाषेत त्यात घाबरण्यासारखं फारसं नव्हतं. पण डीडीटी सहजासहजी मोडत नाही. ते चरबीत साठतं, लहान माशांतून मोठ्या माशांत आणि तिथून पक्ष्यांत चढत जातं. शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचं पातळ होऊन घरट्यातच फुटू लागली तेव्हा ते ध्यानात आलं. भारतानं शेतीतला त्याचा वापर 1989 मध्ये थांबवला. मलेरियासारख्या रोगांच्या डासांविरुद्ध तो पुढेही चालू राहिला. निम्मे प्राणी किती मात्रेत मरतात हे विचारणाऱ्या चाचणीला वीस वर्षांनी, दुसऱ्या पिढीत, दुसऱ्याच प्राण्यात उमटणारा परिणाम दिसणं शक्यच नव्हतं.

पाचवा प्रश्न सोबतीचा. उल्हास नदी कोंडाण्याकडून कर्जत, नेरळ असं करत बदलापूरच्या बाजूला उतरते तसं तिच्यात शेतातलं पाणी, गावांचं सांडपाणी, कारखान्यांचं पाणी मिसळत जातं. पाणी तपासताना बहुतेकदा एकेक घटक वेगवेगळा मोजतात आणि प्रत्येकाचा आकडा मर्यादेत असला की पाणी पास होतं. पण नदीतला मासा एकेक घटक वेगळा पीत नाही. आपल्या पर्यावरण संरक्षण नियमांत याचं एक शहाणं उत्तर आहे: कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या निव्वळ सांडपाण्यात, त्यात चांगलं पाणी न मिसळता, मासे सोडले तर 96 तासांनी त्यांतले 90 टक्के जिवंत राहिले पाहिजेत. या कसोटीत मिश्रणाला मिश्रण म्हणूनच प्रश्न विचारला जातो. तिची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. चार दिवस जगलेला मासा अंडी घालू शकेल का, त्याची पिल्लं धड निपजतील का, हे ती सांगत नाही. शेतकऱ्याच्या टाकीतल्या मिश्रणाला तर अजून तेवढाही प्रश्न विचारला जात नाही. प्रत्येक औषध सुटं तपासून मंजूर होतं, आणि शेतात ती सगळी एकत्र येतात.

हे प्रश्न नीट विचारायचे तर नव्या चाचण्या लागतात, आणि त्या तयार होत आहेत. 1959 मध्ये रसेल आणि बर्च या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी प्राण्यांचा वापर टाळावा, कमी करावा आणि त्यांचे हाल घटवावेत, अशी तीन सूत्रं मांडली. निम्मे प्राणी मारून मोजायची जुनी चाचणी विकसित देशांच्या संघटनेनं, ओईसीडीनं, 2002 मध्ये आपल्या यादीतून काढून टाकली; तिच्या जागी थोड्या प्राण्यांत भागणाऱ्या पद्धती आल्या. 2007 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनं एकविसाव्या शतकातल्या विषचाचणीचा आराखडा मांडला. रसायन शरीरात गेल्यावर कोणत्या पेशीतली कोणती यंत्रणा आधी बिघडवतं, तिथून बिघाड पायरीपायरीनं रोगापर्यंत कसा जातो, हे माणसाच्या पेशींवरच तपासावं, हा त्याचा गाभा. आज यंत्रमानवी हात हजारो रसायनं माणसाच्या पेशींवर टाकून पाहतात, झेब्रामाशाच्या पारदर्शक गर्भात अवयव घडताना होणारा बिघाड दिसतो, काचपट्टीएवढ्या चिपवर यकृताच्या पेशी जगवता येतात. भारतातही 2023 मध्ये नव्या औषधांच्या आणि वैद्यकीय चाचण्यांच्या नियमांत दुरुस्ती होऊन अशा प्राणीविरहित पद्धतींना स्थान मिळालं.

या पद्धतींचं स्वागत करताना त्यांनाही तोच कस लावला पाहिजे. पॅराथिऑन हे कीटकनाशक स्वतः फारसं जहाल नसतं. यकृत त्याचं पॅराऑक्सॉन बनवतं तेव्हा ते खरं घातक होतं. यकृत नसलेल्या पेशींच्या ताटलीला पॅराथिऑनबद्दल विचारलं तर ती त्याला सौम्य ठरवेल. माकडाला विचारून फसगत होते तशीच पेशीला विचारूनही होऊ शकते. म्हणून पेशी, चिप, संगणकाची गणितं आणि जिथे अटळ आहे तिथे प्राणी, अशा अनेक साक्षी एकमेकांशी ताडून पाहणं हाच सुधारणेचा खरा मार्ग आहे.

आणि यातली कोणतीही प्रयोगशाळा एका प्रश्नाचं उत्तर देऊ शकत नाही: प्रत्यक्षात माणसाच्या अंगात किती जातं? अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनं 1983 मध्ये जोखीम ठरवण्याच्या चार पायऱ्या मांडल्या. धोका ओळखणं, मात्रा आणि परिणाम यांचं नातं काढणं, संपर्क किती येतो ते मोजणं, आणि या तिन्हींवरून जोखीम सांगणं. यांतली तिसरी पायरी शेताच्या बांधावरच चढावी लागते. लेबलावर हातमोजे, मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचा पोशाख घालायला सांगितलेलं असतं, आणि तो घातला आहे असं धरून जोखीम मोजली जाते. ऑगस्टच्या दमट उकाड्यात, ढोपरभर चिखलात, तो पोशाख घालून अर्धा दिवस पंप मारणं कोणाला शक्य आहे? अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांची कीटकनाशकांबाबतची आंतरराष्ट्रीय आचारसंहिता हेच सांगते: ज्या औषधासाठी त्रासदायक, महाग किंवा सहज न मिळणारी संरक्षक साधनं लागतात ते उष्ण प्रदेशातल्या लहान शेतकऱ्यांच्या हाती देणं टाळावं. हे वाक्य आपल्या मंजुरीच्या प्रक्रियेत पहिल्या पानावर असायला हवं.

संपर्क मोजणं अवघडही नाही. फवारणाऱ्याच्या कपड्यांवर छाती, पाठ, दंड, मांड्या अशा ठिकाणी शोषक कागदाचे तुकडे लावायचे, काम संपल्यावर ते काढून त्यांत किती औषध उतरलं ते मोजायचं. मळणीच्या हंगामापर्यंत अधूनमधून रक्तातलं कोलिनेस्टेरेज तपासायचं आणि ते फवारणीआधीच्या पातळीशी ताडायचं. घट दिसली तर त्या माणसाला लक्षणं येण्याआधीच फवारणीवरून बाजूला करायचं. कर्जतला 1919 पासून भात संशोधन केंद्र आहे. भाताच्या नव्या जाती इथल्या खाचरांत, इथल्या पावसात तपासल्याशिवाय आपण शेतकऱ्याला देत नाही. मग कीटकनाशक मात्र कुठल्याशा दूरच्या, गार हवेतल्या अंदाजांवर का द्यायचं? ज्या खाचरात बियाणं तपासतो, त्याच खाचरात फवारणाऱ्याच्या अंगावर किती पडतं तेही तपासलं पाहिजे, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात येणाऱ्या प्रत्येक विषबाधेची औषधाच्या नावासह, मिश्रणासह, कामाच्या दिवसांसह नोंद झाली पाहिजे.

शेवळं निवडणाऱ्या बाईकडे प्रयोगशाळा नसते, तरी तिचं ज्ञान पुरं असतं, कारण ते तिच्याच घरात, तिच्याच मुलांच्या ताटात पारखलं गेलेलं असतं. कोणता भाग, किती, कशाबरोबर, कोणाला, हे तिला ठाऊक असतं. शास्त्राकडे तिच्याहून कितीतरी बारीक साधनं आहेत, आणि तिला न दिसणारी वीस वर्षांनंतरची हानीही ते पाहू शकतं. त्यानं तिच्याकडून एवढंच घ्यावं की जे अंग ते विष सोसणार आहे, त्याच अंगाला धरून प्रश्न विचारायचा. फवारणी करणाऱ्या मजुराचं हडकुळं, घामेजलेलं, रोज राबणारं शरीर चाचणीच्या आराखड्यात पहिल्या दिवसापासून असेल, तेव्हाच बाटलीवरचा रंग त्याला खरं काही सांगू लागेल. तोवर हिरवा चौकोन पाहून निर्धास्त होऊ नये, आणि कोणाला निर्धास्त करूही नये.